रिव्हर्स टाकला की धावणारा घोडा

आमच्या गाडीत टेप आहे. त्यात कॅसेट जात नाही, पण डॅशबोर्डात बसून जे काही वाजतं त्याला माझ्या वयाची नागपुरी माणसं टेपच म्हणतात आणि मरेपर्यंत टेपच म्हणतील. दुकानदार त्याला अँड्रॉइड म्हणतो. हा टेप इतका मोठा आहे की आधी तो आणला आणि मग त्याच्याभोवती कंपनीनं गाडी बांधून दिली, असं बघणाऱ्याला वाटतं. त्यावर नकाशा दिसतो, सिनेमा दिसतो, आणि गाडी मागं घेताना मागचं सगळं जग दिसतं. हवा स्वच्छ असली की रामटेकचा डोंगरसुद्धा दिसतो, असं मी एकदा पाहुण्यांना सांगितलं. बायको चहा देता देता म्हणाली, "त्याच्या मागचं जबलपूर राहिलं सांगायचं."

माझी कळमन्यात मिरचीची अडत आहे. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, बोली लावायची, व्यापाऱ्याला द्यायचा, एवढंच काम. पण मिरचीच्या लिलावात ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला आहे की मी घरात हळू बोललो तरी शेजारचे उत्तर देतात. आणि मिरची ही अशी वस्तू आहे की ती माणसासोबत घरी येते. माझ्या गाडीत बसलेला नवा माणूस पहिल्या चौकात शिंकतो, दुसऱ्या चौकात रडतो आणि तिसऱ्या चौकात उतरून ऑटो करतो. हे सांगायचं कारण, पुढे टेप बिघडला तेव्हा दुकानदारानं पहिला संशय मिरचीवर घेतला होता.

टेप आणला तो बायकोच्या हट्टानं, आणि त्या हट्टाचं मूळ पारशिवनीला, तिच्या माहेरी आहे.

माझ्या सासऱ्यांच्या घराचा एक नियम आहे. अंगणात जी गाडी उभी राहील तिचं तोंड रस्त्याकडे पाहिजे. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, जवायाची कार असो. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी फिरवण्यात वेळ जाऊ नये, म्हणून त्यांच्या वडिलांनी घातलेला हा नियम. आता अंगण आहे तळहाताएवढं. आत गाडी फिरवायला जागा नाही, म्हणजे रस्त्यावरूनच उलटं शिरावं लागतं. एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद, आणि मधून वाट. ती वाट इतकी अरुंद की मी पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा आरसे मिटले, श्वास आत ओढला आणि पोटही आत घेतलं, जणू पोट आत घेतल्यानं गाडी बारीक होणार होती. हौदाला तीन पिढ्यांच्या गाड्यांचे रंग लागलेले आहेत. कुणी तो हौद खरवडून बघितला तर घराचा सगळा इतिहास निघेल.

त्या घरात माणसाची किंमत त्या वाटेवर ठरते. माझ्या साळ्यानं मिसरूड फुटायच्या आधी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी आत घातली होती. सासरे अजून ते सांगतात. बायको त्याच्याहून मोठी, पण तिच्या हातात कुणी ट्रॅक्टरचं चाक दिलं नाही. तिला मिरच्या तोडायला पाठवत.

तर मागच्या दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला पारशिवनीला गेलो. आपट्याची पानं वाटून झाली, जेवणं झाली, आणि बायकोनं जाहीर केलं की ती गाडी शिकते आहे आणि पुढच्या दसऱ्याला नागपूरपासून स्वतः चालवत आणणार. साळा पान लावत होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "आणशीन वं ताई, सरळ रस्ता आहे. पण इथं रस्त्यावर उतरशीन आणि आतमंदी भाऊजीच घेतीन."

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची शिक्षा मला कन्हानपर्यंत मिळाली. कन्हानच्या पुलावर ती पहिल्यांदा बोलली आणि तेही फक्त एवढंच की मागं कॅमेरा असलेला टेप बसवून पाहिजे.

बसवला. सदरकडचा एक डेकोरवाला आहे, गाडीत सीटकव्हरपासून भोंग्यापर्यंत काहीही बसवून देतो. त्यानं अर्ध्या दिवसात जुना टेप काढला, नवा घातला, नंबरप्लेटच्या वर हरभऱ्याएवढा कॅमेरा लावला, आणि गाडी सुरू केली. पडद्यावर एक पांढरा घोडा धावत आला, मागं वाऱ्याचा आवाज, मग तुतारीसारखं काहीतरी वाजलं आणि टेप चालू झाला. मला घोडा फार आवडला. मी तो दोन-चार वेळा बंद-चालू करून बघितला.

घरी आलो. बायको चालवायला बसली. तिनं रिव्हर्स टाकला.

पडदा काळा झाला, आणि घोडा धावत आला.

म्हणजे असं, की रिव्हर्सचा गिअर पडला की टेप स्वतःच बंद पडायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. घोड्याचं धावणं, वारा, तुतारी, सगळं यथासांग. तेवढ्यात माणूस गाडी मागं घेऊन, लावून, कुलूप घालून, वर जाऊन पंख्याखाली बसून येईल. मग त्या रिकाम्या पडद्यावर मागचं चित्र उमटायचं. गल्लीतल्या पोरांना घोड्याची वेळ पाठ झाली होती. बायकोनं गिअर टाकला की पोरं बाहेरून तोंडानं तुतारी वाजवायची.

डेकोरवाला म्हणाला मिरची. मी म्हटलं मिरचीनं माणूस बंद पडतो, टेप नाही. मग त्यानं वायर तपासल्या, कॅमेरा बदलला, आणि शेवटी पोटातलं खरं बाहेर काढलं. आतलं फर्मवेअर जुनं आहे. म्हणजे टेपला कसं वागायचं हे शिकवणारा जो आतला मजकूर असतो, तो. नवा मजकूर पेन ड्राइव्हवर घालून टेपला लावला की तो आपोआप शहाणा होतो. "घरीच करून घ्या भौ," तो म्हणाला, "सेटिंगमंदी जाऊन अबाउटचा फोटो पाठवा, मी त्याच नंबरची फाइल पाठवतो."

अबाउट हा शब्द टेपमध्येही असतो आणि माझ्या मोबाइलमध्येही असतो. यावर मी जास्त बोलणार नाही. मी फोटो पाठवला, त्यानं फाइल पाठवली, आणि टेपनं ती आनंदानं गिळली. घोडा गेला. रिव्हर्स टाकल्याबरोबर चित्र आलं, झटकन. फक्त ते उलटं होतं. आकाश खाली, रस्ता वर, आणि समोरच्या घरचे काका छताला लटकलेल्या वटवाघळासारखे पेपर वाचत बसलेले.

बायको म्हणाली, "माझ्या बापाचं अंगण आकाशात आहे का?"

मी म्हटलं, तू मान वाकडी करून बघ. ती माझ्याकडं मान वाकडी न करता बघत होती, आणि ते पुरेसं होतं. डेकोरवाल्यानं फोनवर माझा फोटो पुन्हा बघितला. फोनच्या पलीकडे कुणीतरी कपाळाला हात लावल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मग त्यानं जुनी फाइल पाठवली. ती घातल्यावर आकाश वर गेलं आणि घोडा परत आला.

मधल्या काळात बायकोचं शिकणं थांबलं नव्हतं. तिची रोजची वेळ ठरलेली, सकाळी माझं कळमन्याला जाणं व्हायच्या आधी. गल्लीतून बाहेर काढायची, चौकापर्यंत न्यायची, परत आणायची आणि उलटी घरासमोर लावायची. रिव्हर्स टाकला की घोडा धावायचा, आणि तो धावत असताना ती रिकामी कशी बसणार, म्हणून डाव्या आरशात बघायची, उजव्या आरशात बघायची, मान वळवून मागच्या काचेतून बघायची आणि थोडी थोडी मागं घ्यायची. मी बाजूला बसून सांगायचो, अगं थांब, चित्र येऊ दे. ती म्हणायची, "चित्र येईन तेव्हा येईन, दूधवाला मागं उभा आहे त्याचं काय?" मला त्यात उतावळेपणा दिसत होता. मी सगळा जीव फाइलीत अडकवून बसलो होतो. दसरा जवळ येत होता.

घट बसल्यानंतरच्या एका सकाळी बरोबर नंबरची फाइल आली. यावेळी फोटो बायकोनं काढला होता. डेकोरवाल्यानं तीन गोष्टी बजावल्या. इंजिन चालू ठेवायचं म्हणजे बॅटरी खाली जाणार नाही; दार उघडायचं नाही; आणि काहीही झालं तरी मधेच किल्ली काढायची नाही. "मधात बंद पडला तर डब्बा होऊन जाते भौ," तो म्हणाला, "मग तो टेप चपला ठेवाच्या कामाचा."

मी गाडीत बसलो. काचा वर. एसी लावला तर इंजिनवर लोड येईल या भीतीनं तोही बंद. पेन ड्राइव्ह घातला. पडद्यावर एक पांढरी पट्टी उगवली आणि गोगलगायीच्या चालीनं उजवीकडे निघाली. नागपूरचा आश्विनातला उकाडा ज्यानं बंद गाडीत, मिरचीच्या भुकटीवर बसून अनुभवला नाही, त्यानं तपश्चर्येच्या गोष्टी करू नयेत. मला घामानं कुंकवासारखी लाल मिरची चढायला लागली. शिंक आली. शिंकेनं गाडी हलली तर फाइल सांडेल असं वाटून मी ती शिंक दाबली. ती कानातून गेली. समोरचे काका येऊन काचेवर टकटक करू लागले, त्यांना कळमन्यापर्यंत सोडून द्यायला पाहिजे होतं. मी आतून हातानं नको नको केलं. त्यांना वाटलं मला झटका आला आहे. त्यांनी दाराला हात घातला. मी आतून असा ओरडलो की गल्लीच्या टोकाला मिरचीचा भाव उतरला असावा.

बायको तर्री-पोह्याची बशी घेऊन आली आणि काचेबाहेर उभी राहिली. दार उघडायचं नाही म्हणून तिनं पोहे आत दिले नाहीत. काकांना समजावलं आणि मग ते पोहे तिनं आणि काकांनी बॉनेटवर टेकून खाल्ले, माझ्याकडे बघत. पट्टी शेवटाजवळ येऊन थांबली. थांबली म्हणजे गोगलगाय मेली. मी देवाला जे जे बोललो ते सगळं फेडायचं तर मला पेंचच्या जंगलापर्यंत लोटांगण घालत जावं लागेल. मग पट्टी सरकली, पडदा काळा झाला, आणि घोडा आला.

पण हा घोडा शेवटचा होता. टेप चालू झाला, बायकोनं मला उतरवलं, स्वतः बसली आणि रिव्हर्स टाकला. चित्र लगेच, सरळ, आणि हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांसकट. तिनं गिअर काढला, पुन्हा टाकला, पुन्हा काढला. त्या दिवशी माझ्यासाठी पुन्हा पोहे झाले.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी अशी धुतली की कंपनीनं रंग परत मागितला असता. तिनं आदल्या संध्याकाळीच ती तोंड बाहेर करून लावली होती. झेंडूचा हार घातला, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. माझ्या मनात त्या दिवशी भक्ती मावत नव्हती. स्टिअरिंगला कुंकू लावलं, टेपच्या कपाळाला लावलं, आणि मागं जाऊन, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं त्या हरभऱ्याएवढ्या डोळ्यालाही अंगठ्यानं चांगला ठसठशीत मान दिला. नारळ फुटला. ती चालवायला बसली, मी बाजूला.

रस्त्याचं काय सांगू. दसऱ्याच्या दिवशी नागपुरातून बाहेर पडणं म्हणजे लग्नघरातून वरातीच्या उलट्या दिशेनं जाणं. पण तिनं शांतपणे काढली. कामठीला एका वळणावर ऑटोवाला आडवा आला तेव्हा ती त्याला जे म्हणाली ते मी कळमन्यातही ऐकलं नव्हतं. कन्हानच्या पुलावर ती हसली. मी विचारलं काहून, तर म्हणाली, "मागच्या वर्षी इथं मी टेप मागितला होता."

पारशिवनीत शिरलो. सासरे ओसरीत खाटेवर बसलेले, धोतर नवं, हातात आपट्याची फांदी. साळा आणि त्याचे दोन-तीन मित्र कडुनिंबाखाली. कुणी बोलावलं नव्हतं, पण माणसं जमली होती, ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं गाडी पुढं नेली, रस्त्यावर सरळ केली, आणि रिव्हर्स टाकला.

पडदा लाल.

काळा नाही, घोडा नाही, आकाश नाही. लाल. कोपऱ्यात थोडासा उजेड आणि बाकी सगळा दसरा. त्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा मात्र चोख.

मी म्हटलं फाइल बिघडली. म्हटलं थांब, डेकोरवाल्याला फोन लावतो, नंबर चुकला असेल, इथंच अपडेट करू, इंजिन बंद करू नको. मी खिसे चाचपायला लागलो. साळ्याला काचेतून माझे हात दिसले असणार, कारण तो हसत पुढं आला आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला. "दे ताई," तो म्हणाला, "भाऊजीले दे, नाही तर मले दे."

तिनं पडद्याकडे एकदा बघितलं. माझ्या अंगठ्याकडे एकदा बघितलं. अंगठा अजून लाल होता.

"तुम्ही उतरा," ती मला म्हणाली.

"अगं पण दिसत नाही ना."

"मले दिसून राहिलं. उतरा." आणि भावाला, तोंड न वळवता, "तू बी बाजूले हो गा. आरशात तूच दिसून राहिला मले."

मी उतरलो आणि कडुनिंबाला पलीकडून धरून उभा राहिलो, म्हणजे झाड तरी वाटेत सरकणार नाही. तिनं डाव्या आरशात बघितलं, उजव्या आरशात बघितलं, मान वळवली. गल्लीत रोज घोडा धावत असताना करायची तेच, तसंच. गाडी मागं निघाली. पट्टीसारखी, गोगलगायीच्या चालीनं, पण कुठं थांबली नाही. साळ्याचा एक मित्र सवयीनं "आन दे, आन दे" करत हात हलवायला लागला. सासऱ्यांनी ओसरीतून नुसतं खाकरलं, तो हात खिशात गेला. कडुनिंबाची साल आणि आमचा आरसा यांच्यामधून एखादी मुंगी गेली असती, तीही नवरात्रभर उपाशी राहिलेली असेल तर. हौदाच्या बाजूनं त्याहून कमी. गाडी सरळ आत गेली आणि थांबली. तोंड रस्त्याकडे.

हौदाला त्या वर्षी नवा रंग लागला नाही.

मी तोपर्यंत मागं पोचलो होतो आणि रुमालानं कॅमेरा पुसत होतो. ती उतरली, माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "पूजा चांगली केली." तेवढंच. त्यात किती टोमणा होता आणि किती कौतुक, हे मी अजून मोजतो आहे. मी चौघांत सांगतो की कुंकू मी मुद्दाम लावलं होतं, तिची परीक्षा बघायला. अडतीवर सगळे माना डोलवतात. मिरचीवाल्यांना डोळ्यांत पाणी आणून मान डोलवायची सवयच असते.

सासरे खाटेवरून उठले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, जशी ते बैल घ्यायच्या आधी मारतात. हौदाजवळ वाकून बघितलं, कडुनिंबाजवळ बघितलं. साळा आपल्या चपलांकडे बघत होता. म्हाताऱ्यानं लेकीच्या हातात आपट्याची फांदी दिली, सगळ्यांच्या आधी, जवायाच्याही आधी. मग कंबरेच्या करगोट्याला अडकवलेली ट्रॅक्टरची किल्ली काढली.

"माय," ते म्हणाले, "ट्रॉली रस्त्यावर उभी आहे. आतमंदी लावून दे."

तिनं किल्ली घेतली. ट्रॉली उलटी घालणं म्हणजे चाक डावीकडं फिरवलं की मागचं धूड उजवीकडं जातं, आणि तिला त्याचा अनुभव शून्य. तिथल्या सगळ्यांना ते माहीत होतं, म्हाताऱ्याला सगळ्यात जास्त.

"लावते ना बाबा," ती म्हणाली. "पहिले जेवू द्या. मग तुम्ही बाजूले बसा आन मले सांगा."

"बसतो," सासरे म्हणाले. "पुढच्या साली अजून एक हौद बांधू मग, हा जुना झाला."

जेवणात पुरणपोळी होती, वरून तूप, आणि साळ्यानं मला स्वतः वाढलं. शेवटी त्यानं विचारलं, "भाऊजी, तो टेप कुठून बसवला?" मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. फाइल, नंबर, पांढरी पट्टी, घोडा. अपडेट नसतं केलं तर आज काय झालं असतं, तेही. तो ऐकत होता. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, मग म्हाताऱ्याचा, "डावीकडं नोको वं, उलटं, उलटं," आणि मग तिचं हसणं.

आम्ही दोघे हात न धुता अंगणात पळालो.